घोडाने राक्षसला मारले

मला व्हिडिओ गेम खेळता येत नाहीत. मारिओ माझ्या हातात पहिल्याच खड्ड्यात पडतो, आणि लुडोत सहा पडले तर कुठली सोंगटी बाहेर काढावी याचा मी इतका विचार करते की समोरचा उठून चहा टाकून येतो. तरीही आमच्या घरचं दूध, भाजी आणि सोसायटीचा मेंटेनन्स व्हिडिओ गेमवर चालतो. परदेशात तयार झालेले खेळ वेगवेगळ्या भाषांत उतरवून बाजारात आणणारी एक कंपनी नवीन पनवेलात आहे. तिच्यासाठी मी खेळांचं मराठी करते. धंद्यात याला लोकलायझेशन म्हणतात. सोसायटीत ‘तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दिवसभर गेम खेळतात’ असं म्हणतात.

सुरुवातीला मी समजावून सांगायचे.

“म्हणजे नेमकं काय करता, वहिनी?” सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये विचारलं.

“गेममधला राक्षस जे बोलतो ते मराठीत लिहिते.”

“राक्षस बोलतो?”

“पुष्कळ.”

“मग जनरल बॉडीला आणा त्याला. आमच्याकडे कोरम होत नाही.”

सासूबाईंना मात्र माझं काम पहिल्यापासून पटलं. राक्षस असतो, तो माजतो, शेवटी मरतो, यात त्यांना न कळण्यासारखं काही नव्हतं. रोज संध्याकाळी वाती वळता वळता त्या चौकशी करतात.

“मेला का गं?”

“नाही अजून. क्लायंटने फाइल परत पाठवली.”

“असू दे. उद्या मरेल.”

कंपनीच्या नावात ‘ग्लोबल’ आहे आणि पत्त्यात ‘गणपती मंदिरामागे’. जागा टू बीएचके. हॉलमध्ये भारतीय भाषा बसतात. आतल्या खोलीत थाई आणि व्हिएतनामी असतात, म्हणजे त्या भाषांचे लोक नव्हेत, त्यांच्या फाइली सांभाळणारा खांदा कॉलनीतला एक मुलगा. अरबी गॅलरीत आहे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यासाठी खेळातली सगळी बटणं, बाण आणि नकाशे उलट्या बाजूला न्यावे लागतात, आणि ते बघून बाकीच्यांना गरगरतं. स्वयंपाकघरात सर्व्हर आहे आणि चहा आहे. दोघंही सतत तापलेले असतात.

खेळ कोरियात बनतो, पैसे सिंगापूरहून निघतात आणि प्रोजेक्ट मॅनेजर मनिलात बसते. तिचा निरोप नेहमी एकच असतो: “मॅम, छोटीशी फाइल आहे.” या धंद्यात छोटीशी फाइल शुक्रवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी उजाडायच्या आत हवी असते. कोरियन साहेबांनी एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, पनवेल कुठे आलं? आमचे साहेब तत्काळ म्हणाले, “मुंबई.” पनवेलकरांना हे नवीन नाही. विमानतळ उलव्याला, म्हणजे पनवेल तालुक्यात. जमीन इथली, धूळ इथली, नाव नवी मुंबईचं. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन टीव्हीवर दाखवत होते तेव्हा शेजारचे आजोबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “१८५२ सालची नगरपालिका आमची! तेव्हा ही नवी मुंबई कुठे होती?” त्यांच्या नातवाने नकाशा बघून सांगितलं, “खाडीत.”

आमच्या साहेबांच्या टेबलावर गणपती आहे आणि मनात लुडो किंग. हा खेळ इथून हाकेच्या अंतरावर, नवी मुंबईतल्या विकाश जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणला. २०२० च्या टाळेबंदीत तर दूरदर्शनवर रामायण आणि मोबाइलवर लुडो किंग यांवरच घरं टिकली. (काही मोडलीही. आमच्या नणंदेने नवऱ्याची सोंगटी घराच्या दारात मारली, त्यावरून ते अजून टोचून बोलतात.) साहेबांना या खेळाचा इतिहास फार आवडतो. पचीसी आपली. इंग्रजांनी ती उचलली, कवड्या काढून फासा घातला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लुडो’ नावाने पेटंट घेतलं आणि पुठ्ठ्याच्या पटावर छापली. तो पट आपण दुकानातून विकत आणला, पाठीमागे सापशिडी फुकट मिळाली म्हणून खूश झालो, आणि आता तोच खेळ फोनवर जाहिराती बघत खेळतो. “याला म्हणतात लोकलायझेशन,” साहेब सांगतात. “आपलाच माल, आपल्यालाच परत.”

तसा पटावरचा ‘व्यापार’ही इकडून तिकडून आलेलाच. अमेरिकेत १९३५ मध्ये निघालेल्या मोनोपॉलीत अटलांटिक सिटीचे रस्ते होते. पुढच्या वर्षी इंग्रजांनी ते पुसून लंडनचे रस्ते घातले. आपण रस्त्यांवर भागवलं नाही, अख्खी मुंबई-दिल्ली विकायला काढली. आमच्या पटावर पनवेल नव्हतं. असतं तर विमानतळाच्या आधी दोन घरं बांधून ठेवली असती.

आता प्रत्यक्ष काम. लोकांना वाटतं, गेमचं मराठी करणारी बाई गेम बघत असेल. छे. मला येते एक एक्सेल शीट. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. ओळी गोष्टीच्या क्रमाने नसतात, कुठल्यातरी संगणकाच्या सोयीने लावलेल्या असतात. त्यामुळे नायक आधी मरतो, मग त्याचं लग्न ठरतं, आणि पार खाली गेल्यावर गावच्या सुईणीला बोलवायला कुणीतरी धावतं. डावीकडचं इंग्रजीही मूळचं इंग्रजी नसतं. ते कोरियनमधून वाट काढत, धापा टाकत आलेलं असतं. एका ओळीत नुसतं ‘मॅच’ एवढंच लिहिलेलं होतं. सामना, काडी, जोडी की स्थळ? शंका विचारायला वेगळी शीट असते. तिच्यात मी विचारलं, “इथे मॅच म्हणजे सामना की जोडी?” दोन दिवसांनी उत्तर आलं.

“येस.”

क्लायंटच्या नियमावलीतला पहिलाच नियम असा, की खेळाडूशी कायम आदराने बोलावं. हा नियम मेनूसाठी असावा. पण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मेनू आणि राक्षस यांच्यातला फरक कळत नाही. मी लिहिलं, ‘तुला गिळून टाकीन.’ खाली लाल रेघ. ‘तुम्हाला गिळून टाकीन.’ पिवळी रेघ. शेवटी ‘आपणांस गिळण्यात येईल’ लिहिलं आणि हिरवा टिक आला. एकदा ‘करण्यात येईल’ सुरू झालं की मराठी आपोआप कचेरीत जाऊन बसते, तिला उठवता येत नाही. पुढची सगळी लढाई त्याच सुरात झाली. ‘आपले मस्तक धडावेगळे करण्यात येत असून याची नोंद घ्यावी.’ ‘विहित मुदतीत शस्त्र खाली न ठेवल्यास होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.’ खालच्या मजल्यावरच्या मुलाला चाचणीसाठी खेळायला बसवलं होतं. त्याने हे वाचलं, खेळ थांबवला आणि आईला फोन लावला. “आई, आपलं पाण्याचं बिल भरलंय ना?”

मराठी तपासायला कंपनीने तज्ज्ञ नेमले. एक पुण्याचे, एक नागपूरचे, एक कोल्हापूरचे. ज्याला काम संपवायचं आहे त्याने असं करू नये.

खेळात जिंकलं की एक पेटी मिळते, तिच्यात हत्यारं असतात. मी ‘पेटी’ लिहिलं. पुण्याने समासात शेरा मारला, ‘पेटी म्हणजे हार्मोनियम.’ नागपूरने लिहिलं, ‘पेटी म्हणजे एक लाख रुपये. खेळाडूचा गैरसमज होऊन तो पैसे मागेल.’ म्हणून ‘खोका’ केलं. आता खेळाच्या दुकानात एक योजना होती, तिची जाहिरात आपोआप तयार झाली: ‘५० खोके मिळवा!’ २०२२ सालानंतर महाराष्ट्रात हे वाक्य छापणं म्हणजे काय, हे कोरियात ठाऊक असण्याचं कारण नाही. पुणे, नागपूर आणि कोल्हापूर एकाच मिनिटाला ओरडले. तेवढ्यापुरता अखंड महाराष्ट्र बघायला मिळाला. मग ‘डबा’. कोल्हापूरने विचारलं, “कशाचा? मटणाचा असंल तर ऱ्हाऊ द्या.” ‘संदूक’ हिंदी निघाली. पुण्याने ‘करंडा’ सुचवला, आणि करंड्यात मशीनगन मावते का यावर आठवडाभर मेल सुरू राहिल्या. खेळात आता ‘बॉक्स’ आहे.

माणसांशी निदान भांडता येतं. खेळ मात्र वाक्यं बोलत नाही, तो ती जागच्या जागी जुळवतो. शीटमध्ये फक्त सांगाडा असतो: ‘अमुक’ने ‘तमुक’ला मारले. अमुक-तमुकच्या जागी खेळताना जो सापडेल तो येऊन बसतो. इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही. तिथं घोडा मारो की मार खावो, तो घोडाच राहतो. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी नामाला जरा वाकावं लागतं, आणि यंत्राला वाकवणं ठाऊक नाही. पडद्यावर आलं, ‘घोडाने राक्षसला मारले.’ त्याखाली, ‘मुलगाने तलवारला उचलले.’ शेवटी विजयपताका फडकली आणि सोनेरी अक्षरांत झळकलं, ‘राजाच्या कुत्राला सलाम!’

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, मराठीत सामान्यरूप असतं, त्याची सोय करायला सांगा.

“रूप सामान्यच आहे ना?” साहेब म्हणाले. “मग त्यावर जास्त वेळ देऊ नका.”

तरी कोरियन इंजिनियर भला माणूस. ‘ढाल मिळाला’, ‘चिलखत मिळाला’ हे बघून मी कळवळले तेव्हा त्याने स्वतः कॉल लावला आणि प्रत्येक वस्तूचं लिंग लिहून घ्यायला बसला.

“तलवार?”

“बाई.”

“भाला?”

“पुरुष.”

“धनुष्य?”

“दोन्ही नाही. ते.”

“कट्यार?”

“बाई.”

“खंजीर?”

इथे मी अडखळले. त्याने पेन खाली ठेवला. “मॅडम, हे कोण ठरवतं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं, आणि का कोण जाणे, मला फार अभिमान वाटला.

असं काही झालं की मी जपानची आठवण काढते. तोआप्लान कंपनीचा ‘झीरो विंग’ नावाचा विमानांच्या लढाईचा खेळ होता. सेगाच्या यंत्रासाठी त्याची युरोपातली आवृत्ती नव्वदीच्या सुरुवातीला निघाली. तिच्यातला खलनायक असं काही इंग्रजी बोलला की कर्ता, कर्म आणि क्रियापद तीन दिशांना पळाले. २००१ च्या सुमारास इंटरनेटवरच्या पोरांना ती वाक्यं सापडली. त्यांनी त्यांची गाणी केली, ती टी-शर्टवर छापली. खेळ लोक विसरले, भाषांतर अमर झालं. ही हकिकत सांगून मी साहेबांकडे शब्दामागे दहा पैसे वाढवून मागितले.

“आधी अमर व्हा,” साहेब म्हणाले.

खेळ एका देशातून दुसऱ्या देशात जाताना शब्दांपेक्षा इतर गोष्टींचाच जाच जास्त. १९८० सालचा नामकोचा ‘पक-मॅन’ अमेरिकेत ‘पॅक-मॅन’ होऊन उतरला. मशीनवरच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर कुणा व्रात्य पोराने जरासं खरवडलं असतं, तर दुकानदाराला शटर पाडूनच बसावं लागलं असतं. ‘कॉन्ट्रा’ आमच्या पनवेलच्या पोरांनी टीव्हीला तो प्लास्टिकचा डबा जोडून अंगठे सोलेपर्यंत खेळला. जर्मनीच्या कडक नियमांना वचकून युरोपात त्याचा ‘प्रोबोटेक्टर’ केला आणि माणसं काढून यंत्रमानव घातले. यंत्रमानवाला कितीही मारा, त्याच्या घरचे तक्रार करत नाहीत. सगळ्यांवर कडी केली चीनने. २०१९ मध्ये तिथं पब्जी मोबाइल बंद होऊन ‘गेम फॉर पीस’ आला. त्यात गोळी लागलेला माणूस रक्त सांडत नाही. तो गुडघ्यावर बसतो, आपलं सामान पुढे करतो, हात हलवून टाटा करतो आणि दिसेनासा होतो. जागा सोडणारा भाडेकरू इतका सभ्य मी पाहिलेला नाही.

आपल्याकडे पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. क्राफ्टन कंपनीने २०२१ मध्ये तो खास भारतासाठी बीजीएमआय म्हणून पुन्हा आणला, तेव्हा रक्त हिरवं झालं, ‘किल’ जाऊन ‘फिनिश’ आलं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा पडली. खालच्या मजल्यावरच्या मुलाने त्याच दिवशी वडिलांच्या वयाने खातं उघडलं.

तेव्हा आमच्या राक्षसाच्या रक्ताचीही मीटिंग होणार हे ठरलेलंच होतं. कॉलवर कोरिया, मनिला, साहेब आणि मी. माझ्या मागे सासूबाई वाल सोलत बसलेल्या.

“हिरवं करू या,” कोरिया.

“हिरवं नको,” साहेब. “निवडणुका आहेत.”

“केशरी?”

“त्याहून नको.”

“मग निळं?”

“अहो!” साहेबांचा घसा बसला.

“पांढरं?”

सगळे गप्प झाले. पांढऱ्याला कुणाची हरकत दिसेना. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज गेला, “पांढरं असेल तर राक्षस मेला म्हणणार की ताक सांडलं म्हणणार?” मनिलाने विचारलं, मागे कोण बोललं? मी म्हटलं, कल्चरल कन्सल्टंट. रक्त रद्द झालं. राक्षस मेला की आता त्याच्या अंगातून गुलाबाच्या पाकळ्या उडतात. त्याला मोक्ष मिळतो, अशी सासूबाईंची समजूत आहे, आणि ती मोडायला माझ्याकडे पुरावा नाही.

पुढे क्लायंटला ‘लोकल फ्लेवर’ हवा झाला. नायकाची ताकद संपत आली की तो काहीतरी खातो आणि उठून उभा राहतो. मूळ खेळात त्याच्या हातात किमचीचा रस्सा होता. अशी अदलाबदल जुनीच आहे. पोकेमॉनचं कार्टून अमेरिकेत गेलं तेव्हा पडद्यावर भाताचे मुटके धडधडीत दिसत असताना ते डोनट आहेत असं पात्रांना बोलायला लावलं होतं. मी म्हटलं, रायगडच्या मातीतला नायक, त्याला पोपटी देऊ. आणि मनापासून वर्णन लिहिलं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडकं आणायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधे मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, कडेने अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च दाबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा एक थेंब नाही. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र वाजलं की झाली.

मनिलाहून शंका आल्या.

“मॅम, यात पोपट असतो का?”

“नाही. कोंबडी असते.”

“शाकाहारी खेळाडूंचं काय?”

“नुसत्या शेंगांची करता येते.”

“शिजायला किती वेळ लागतो?”

“अर्धा-पाऊण तास.”

“राक्षस समोर उभा असताना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नायकाला वडापाव मिळाला.

लिहिणं उरकलं की आवाज. कंपनीचा स्टुडिओ म्हणजे आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट, आतून गोधड्या ठोकलेल्या. राक्षसाला आवाज द्यायला साहेबांनी एकांकिका स्पर्धांतून गाजलेले एक नट आणले होते. फडके नाट्यगृहात शेवटच्या रांगेला माइकशिवाय ऐकू जाणारा गळा. ते कपाटात शिरले आणि पहिला प्रश्न आला, “या राक्षसाचं बालपण कसं गेलं?” त्या दिवशीच्या शीटमध्ये संवाद एकही नव्हता. फक्त कण्हणं, ओरडणं आणि मरणं होतं. धंद्यात याला एफर्ट्स म्हणतात.

मी बाहेरून वाचत होते. “मृत्यू एक, तलवारीने.”

कपाटातून किंकाळी आली. रस्त्यावरचं कुत्रं उठलं.

“मृत्यू दोन, पाण्यात.”

गुडगुडगुड. अप्रतिम. नेमकी त्यातच शेजारच्या कुकरची शिटी झाली. पुन्हा बुडवलं. या वेळी मंदिरातली आरती सुरू झाली.

“मृत्यू तीन, उंचावरून, लांब. मृत्यू चार, उंचावरून, आखूड.”

कपाटाचं दार उघडलं. “आखूड म्हणजे? कितव्या मजल्यावरून?”

“पहिला धरा.”

“पहिल्यावरून माणूस मरत नाही, बाई. मी नुसतं ‘आई गं’ म्हणतो.”

जळून मरण्यापर्यंत पोचलो तेव्हा वॉचमन काठी घेऊन वर आला. त्याच्या मागोमाग चौथ्या मजल्यावरचे काका, खांद्यावर पंचा टाकून, चेहरा गंभीर करून दारात उभे. “कधी निघायचं?” त्यांनी हळूच विचारलं. साहेबांना वाटलं लंचबद्दल विचारतायत. “अजून थोडा जीव आहे,” ते म्हणाले. “अर्ध्या तासात उरकतो.”

एवढं सगळं सहन करून खेळ पडद्यावर चढला आणि अक्षरांनी दगा दिला. आधीच्या चाचणीत ऱ्हस्व वेलांट्या आपापलं अक्षर सोडून उजवीकडच्या शेजाऱ्याच्या गळ्यात पडल्या होत्या. ते निस्तरलं, तर उंचीचा घोळ. इंग्रजी अक्षरांना वर-खाली फारशी जागा लागत नाही. देवनागरीला डोक्यावर मात्रा हवी, पायाशी उकार हवा. ओळीची उंची मात्र इंग्रजीच्या मापाने बेतलेली. तेव्हा सगळे उकार पायाशी छाटले गेले. राजाला मुकुट मिळायचा तिथं ‘मकट’ मिळालं. आणि खेळाचा सगळ्यात मोठा टप्पा, जिथं ढग बाजूला होतात, चौघडा वाजतो आणि आकाशात अक्षरं उमटतात, ‘राजकन्येची सुटका करा’, तिथं उमटलं, ‘राजकन्येची सटका करा’.

“पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल,” मनिला म्हणाली. पळस्पे फाट्यावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे पुढचं अपडेट ही काय वस्तू असते हे पनवेलकराला सांगावं लागत नाही.

खेळ बाजारात आला. संध्याकाळी जिन्यात पोरांचा घोळका माना खाली घालून बसलेला. मी सहज गेल्यासारखं दाखवून वाकून बघितलं. पडद्यावर सगळं इंग्रजी.

“अरे, मराठी आहे त्यात!”

“माहितीय काकू. मराठीत कळत नाही.”

आणि लगेच कालवा सुरू. “अरे मागे एनिमी आहे, कव्हर घे ना! रिव्हाइव्ह दे लवकर, मरतोय मी! बघ, मारलं की नाही!” निदान क्रियापदं तरी माझ्या भाषेतली होती. पोरांना तरी का बोलावं? दर २७ फेब्रुवारीला पहाटे पाचपासून मराठीचे झेंडे पाठवणारे आमचे सोसायटीतले एक गृहस्थ, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, ते एटीएमवर इंग्रजीचं बटण दाबतात. विचारलं तर म्हणाले, “मराठी दाबलं की पैसे निघतील की नाही याची धास्ती वाटते.” पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा सुंदर खेळ काढला, त्यात गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू आहेत. तेही इंग्रजीत बोलत होते. २०२२ च्या आवृत्तीत ते हिंदी बोलू लागले. पुण्यात राहून आधी हिंदी बोलायला लागले म्हणजे बहुधा नोकरीनिमित्त आले असावेत.

संपूर्ण खेळ मराठीत खेळणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आली. दुपारी जेवणं झाली की सासूबाई चष्मा लावून मोबाइल घेऊन बसतात. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात. ‘पुढे चला’ दाबत नाहीत, कारण कुणाचं बोलणं मधेच तोडणं त्यांना आवडत नाही. राक्षस ‘आपणांस गिळण्यात येईल’ म्हणाला की त्या म्हणतात, “बोलायला किती नम्र आहे बघ. शिकलेला दिसतो.” आणि त्याला मारायचं टाळतात. त्यामुळे त्या अजून दुसऱ्या टप्प्यातच आहेत. पुढचं काय ते खालच्या मजल्यावरचा मुलगा खेळून दाखवतो.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. “मॅम, छोटीशी फाइल आहे.” खेळाबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय इंग्रजीत करून द्यायचे होते. कोरियातल्या साहेबांना वाचायचे होते. मराठीतला अभिप्राय एकच होता. एक तारा, आणि खाली लिहिलेलं:

‘राक्षसाचे वळण चांगले आहे. राजकन्येला सटका म्हणणे शोभत नाही. पोपटी काढून वडापाव का घातला? खंजीर पुल्लिंगीच, विचारायचे काय त्यात? आमची सून कामाला चोख आहे, तिला पैसे वाढवून द्यावे. बाकी बरे.’

मी शीट खाली ठेवली आणि बाहेर येऊन विचारलं, “आई, हे तुम्ही लिहिलंत?”

“मग? चांगलं लिहिलंय ना?”

“चांगलं लिहिलंय. आता त्याचं इंग्रजी करायचं काम मलाच आलंय.”

“फुकट?”

“नाही. शब्दावर पैसे मिळतात.”

सासूबाईंनी वातींचं ताट बाजूला सारलं, चष्मा पुसला आणि मोबाइल ओढून घेतला.

“थांब,” त्या म्हणाल्या, “अजून थोडं लिहिते.”